गळ्यात काही नको

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड होती. कंपनी म्हणावं असं तिथे दारावरच्या पाटीशिवाय काही नव्हतं. पत्र्याचं छप्पर, आत तीन खोल्या, मागे हातपाय धुवायची मोरी आणि मोरीपलीकडे कुणाचं तरी भाताचं शेत. नव्वदच्या दशकात तिथे रेडिओच्या तबकड्या, मीटरचे आकडे, रिमोटच्या बटणांवरची अक्षरं असलं काय काय छापत. पुढे साहेबांनी चांदीची शाई आणली आणि प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापायला घेतल्या. वॉशिंग मशीनच्या बटणांखाली तसली फिल्म असते. मी डिप्लोमा करून शेणव्याहून तिथे जायला लागले तेव्हा हेच काम चालू होतं. मला तपासणीला घेतलं. बाकीच्यांनी छापायचं आणि मी चुका काढायच्या. चुका काढणं हा माझा जन्मजात गुण आहे असं माझी आई म्हणायची, त्यामुळे ते काम मला कधी जड गेलं नाही.

विमानाचं काम आलं ते दोन हजार सालाच्या पुढे. विमान म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. पायलट नसलेलं, लहान, जमिनीवरून चालवायचं. ते कोण बनवतं हे आम्हाला नीट सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच्या पोटाखालचा फायबरचा भाग आमच्याकडे यायचा आणि त्यावर अँटेनाच्या रेघा छापून द्यायच्या होत्या. वेगळी अँटेना बाहेर लावली की वजन वाढतं, वाऱ्याला अडते, म्हणून विमानाच्या अंगावरच ती छापून टाकायची, अशी त्यांची कल्पना. साहेबांनी सगळ्यांना बोलावून तो भाग टेबलावर ठेवला. दोन्ही अंगांनी वळलेला, पालथ्या घातलेल्या लांबट काथवटीसारखा. त्यावर हात फिरवून साहेब म्हणाले, यात सपाट जागा बोटभरसुद्धा नाही. आम्ही माना डोलावल्या. त्या न सापडणाऱ्या सपाट जागेने पुढे आमचा किती जीव खाल्ला ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

आधी आम्ही आम्हाला येत होतं तेच केलं. सपाट फिल्मवर रेघा छापल्या आणि फिल्म चिकटवली. वळणावर तिला सुरकुत्या पडल्या आणि सुरकुतीत रेघा तुटल्या. मग साहेबांनी मऊ रबरी पॅड आणला. कोरलेल्या पत्र्यावर शाई भरायची, पॅड तिच्यावर दाबून रेघा उचलायच्या आणि वळलेल्या भागावर टेकायच्या. पॅड मऊ असल्यामुळे वळणाशी वळतो आणि रेघ नीट उतरते. पण पॅड लहान, भाग मोठा. त्यामुळे तुकड्यातुकड्याने छापायचं आणि दोन तुकड्यांमधल्या रेघा बारीक सुईच्या पिचकारीने हाताने जोडायच्या. भाग स्टँडवर घट्ट बसवलेला. शाई ओली असताना तो फिरवता येत नसे, म्हणून माणसानेच भोवती फिरायचं आणि वरून ओणवं होऊन रेघ जोडायची. सपाट काम बसून होतं. हे काम कंबर मोडून करायचं होतं.

छापून झालं की भाग भट्टीत जाई आणि भाजून माझ्याकडे येई. माझ्याकडे मीटर होता. त्याच्या दोन तारा रेघेच्या दोन टोकांना लावायच्या. रेघ अखंड असली की मीटर वाजतो, तुटलेली असली की गप्प बसतो. डोळ्यांना अगदी धडधाकट दिसणारी रेघही कधी कधी वाजत नसे, कारण आतली चीर दिसण्याइतकी मोठी नसते. अशा वेळी छापणारे माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच मीटरला गप्प राहायला सांगितलंय.

पहिले काही भाग दोन पुरुषांनी जोडले आणि दोघांनीही बिघडवले. त्याला कारण तंबाखू. काम करताना हातमोजे असत, पण मधेच मोजे काढून तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, तोंडात टाकायचा आणि तेच हात पुन्हा मोज्यात घालायचे. चुन्याचं बोट जिथे लागे तिथली चांदी भाजल्यावर पापुद्र्यासारखी सुटून येई. साहेबांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. दोघे मान हलवून हो म्हणत आणि जेवणानंतर मोरीवर जाऊन पुन्हा मळत. शेवटी साहेबांनी माणसंच बदलली आणि त्या खोलीत चार बायका बसवल्या.

त्या चौघींत एक वहिनी होत्या. नात्याने माझ्या कुणी लागत नव्हत्या, पण सगळी शेड त्यांना वहिनीच म्हणे. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शेणव्याहून किन्हवलीकडे जाताना वाटेत त्यांचं गाव. सकाळी मी शेणव्याला जीपमध्ये चढायची, त्या पुढच्या फाट्यावर, आणि किन्हवली, सरळगाव करत आम्ही मुरबाडला पोचायचो. सगळा रस्ता मी बोलायची आणि त्या ऐकायच्या. मला बोलणारं माणूस कमी आवडतं, ऐकणारं जास्त.

त्यांचे यजमान नाशिक हायवेवर एका ट्रकवर क्लीनर होते. एका फेरीहून ट्रक परत आला तो त्यांच्याशिवाय. ड्रायव्हर म्हणाला, कसाऱ्याच्या वरच्या ढाब्यावर उतरला, आलोच म्हणाला आणि आलाच नाही. पोलिसांत सांगून झालं, इस्पितळं पालथी घालून झाली. गावच्या भगताने तो वायव्येला आहे असं सांगितलं म्हणून दीर वायव्येलाही जाऊन आले. तेव्हा वहिनींची मुलगी पाळण्यात होती. आमच्या विमानाचं काम आलं तोवर ती किन्हवलीच्या शाळेत जायला लागली होती. वहिनी हिरव्या बांगड्या, मोठं कुंकू आणि काळ्या मण्यांचं मंगळसूत्र असा साज करून रोज कामाला येत. लोक मागे काय काय बोलत. तोंडावर कुणी बोलत नसे.

एक दिवस भट्टीतून आलेला भाग मी तपासायला घेतला आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर मला भलतंच काहीतरी दिसलं. रेघेतून बाजूला ठिपक्यांची एक ओळ निघाली होती. भिंग लावून पाहिलं तर ठिपके सगळे गोल आणि सारखे. ओल्या चांदीवरून मणी घासत गेले होते. ओणवं झाल्यावर कुणाचं तरी मंगळसूत्र पदराबाहेर लोंबलं होतं. कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता, चौघींच्याही गळ्यात काळे मणीच होते. नेमका त्याच आठवड्यात काम देणाऱ्यांचा माणूस बघायला आला होता. त्याने तो भाग उन्हात धरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन आला. छापणाऱ्याच्या गळ्यात आणि हातात काही असता कामा नये. वरून नाही, आतूनही नाही. झाकून चालणार नाही, पिन लावून चालणार नाही. हे मान्य नसेल तर उरलेले भाग परत पाठवा.

साहेबांनी छपाईच्या खोलीच्या दारावर कागद लावला, गळ्यात काही नको, हातात काही नको. बाकीच्या तिघी कुरकुरल्या आणि तयार झाल्या. एकीने मंगळसूत्र खुंटीला अडकवलं. एकीने रुमालात बांधून कमरेला खोचलं. एकीने डब्याच्या झाकणात ठेवलं, तेव्हा तुझा नवरा आमटीत बुडेल म्हणून तिची इतकी चेष्टा झाली की तीही हसायला लागली. वहिनींनी बांगड्या मुकाट उतरवल्या. मग त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, त्या उभ्याच.

साहेब वाईट माणूस नव्हते. ताई, हा नियम माझा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. वहिनींनी सपाट काम मागितलं. पण सपाट कामाच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या आणि जेवढं काम होतं तेवढ्याला माणसं पुरून उरत होती. साहेब म्हणाले, आठवडा संपेपर्यंत बघा, पुढे मला दुसरी बाई घ्यावी लागेल. त्या दिवशी वहिनींनी शेड झाडली, पत्रे पुसले आणि संध्याकाळी माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या.

मला राग आला होता. चार बायकांत तिघी काढतात आणि एकीला जमत नाही, याला काय म्हणायचं? मी तसं जरा चढ्या आवाजात विचारलं.  सरळगाव मागे पडल्यावर त्यांनी मला घरातलं सांगितलं. सासू म्हणते, माझा पोरगा गेला. त्याला अग्नी मिळाला नाही, पाणी मिळत नाही, तो कुठेतरी तिष्ठत उभा आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग दहावं-तेरावं करतात, असं भटजींनी सांगितलेलं. दर पितृपक्षात सासू तो विषय काढायची आणि दर पितृपक्षात वहिनी नाही म्हणायच्या. बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र असताना नवऱ्याच्या पुतळ्याला अग्नी कोण देणार? तेवढ्यावर ते सगळं अडून राहिलं होतं.

"एकदा काढलं का तो मेलाच ना गो," त्या म्हणाल्या.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर मी तोंडावर पाणी मारत होते, तेव्हा वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता. मानेमागे हात नेऊन त्यांनी मंगळसूत्र सोडलं, पण ते मुठीतून सोडलं नाही.

"हे धर बाय. खुंटीला नको, डब्यात नको, खाली कुठं ठेवू नको. सांजेपर्यंत तुझ्या अंगावर राहू दे."

मी दचकले. माझं लग्न व्हायचं होतं. कुणाचं मंगळसूत्र माझ्या अंगावर आहे असं माझ्या आईला कळलं असतं, तर तिने मला आधी आंघोळ घातली असती आणि मग विचारलं असतं. मी तसं म्हणाले. गळ्यात नको घालू, हाताला गुंडाळ, असं त्या म्हणाल्या. माझी तपासणीची खोली वेगळी होती आणि माझ्याकडे भाग भाजून येत, त्यामुळे तो नियम मला लागू नव्हता. मी मंगळसूत्र डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि वरून बाही ओढली. वहिनी आत गेल्या.

असं रोज चालू झालं. सकाळी मोरीवर त्या मला देत, संध्याकाळी मोरीवरच परत घेत. दिवसभर मला ते मनगटाला जाणवत राही. मीटरच्या तारा धरताना मी डाव्या हाताची बाही जपून खाली ओढून ठेवू लागले. साहेबांनी एकदा बाही वर सरकलेली पाहिली. ते तसेच भट्टीकडे निघून गेले. दारातून वहिनी ओणव्या होऊन रेघा जोडताना दिसत. मण्यांच्या जागेवर गळ्याभोवतीची कातडी फिकट होती. मला तिथे बघवत नसे आणि तरी माझी नजर तिथेच जाई.

वहिनींनी कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं, पण उघडा गळा काही झाकून राहत नाही. रुमालात बांधणारी बाई वहिनींच्याच गावची होती. तिने विहिरीवर सहज सांगितलं की कंपनीत आम्हाला सगळ्यांना काढावं लागतं. चुगली म्हणून सांगितलं नाही, मजा म्हणून सांगितलं. ते घरी पोचायला वेळ लागला नाही. सासूने त्याच संध्याकाळी वहिनींना ओटीवर बसवून विचारलं, आणि सासूचे शब्द वहिनींनी मला जीपमध्ये जसेच्या तसे सांगितले.

"पगारासाठी काढतंस ना? मंग माझ्या पोरासाठी काढ."

मी त्या म्हातारीला न पाहताच तिच्यावर खवळले. काय वाट्टेल ते बोलले. पोराला जिवंतपणी मारायला निघालीय, हिला काय मिळतं यातून, असं बरंच काही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, तिचा पोरगा आहे तो. आणि पुढे म्हणाल्या, या अमावास्येला करायचं ठरवलंय, दिराने भटजीला सांगितलंय. मी काढत नाही, कामावरच्या एका पोरीच्या हाताला असतं, असं त्यांनी सासूला सांगून पाहिलं होतं. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या गळ्यात नाही ना? मग नाही.

भाद्रपद चालू होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं. आमचे भाग एकेक करत बाहेर पडत होते. वळणावर जोडलेल्या रेघा आता सुटत नव्हत्या, चौघींचे हात बसले होते. शेवटचा भाग तपासायला घेतला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावलं. मी एकेका रेघेला तारा लावत गेले आणि मीटर वाजत गेला. शेवटची रेघ वाजली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी भजी आणायला पाठवलं. सगळे पांगले आणि वहिनी मागे राहिल्या.

त्यांनी मीटर मागितला. मी तारा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एका रेघेच्या दोन टोकांना लावल्या, मीटर वाजला. मग त्यांनी एक तार त्या रेघेला ठेवली आणि दुसरी शेजारच्या रेघेला लावली. मीटर गप्प. त्यांनी तार जरा दाबली. तरी गप्प.

वाजलं नाही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, या दोन रेघा एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कितीदा लावलं तरी? त्यांनी पुन्हा विचारलं. कितीदा लावलं तरी नाही, मी म्हणाले. मी तेव्हा भजी आली का ते बघत होते. माझं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मोरीवर मी बाही वर केली आणि मंगळसूत्र सोडायला लागले. वहिनी हात धूत होत्या. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, राहू दे. मला वाटलं, ओले हात आहेत म्हणून म्हणतायत. मी थांबले. त्या पदर सारखा करून जायला निघाल्या.

"वहिनी, हे?"

त्या थांबल्या. "इतक्या वर्सांत एकदा तरी काय तरी वाजायला पायजे होतं गो," त्या म्हणाल्या. मग जीप चुकेल म्हणून त्यांनी मलाच घाई केली.

जीपमध्ये त्या उघड्या गळ्याने बसल्या होत्या आणि माझ्या मनगटाला त्यांचं मंगळसूत्र होतं. माणसं बघत होती. त्यांचा फाटा आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर उतरले. उतरू नको म्हणाल्या असत्या तरी मी ऐकलं नसतं. फाट्यापासून गावापर्यंतच्या पायवाटेवर त्या पुढे आणि मी मागे चालले. मला रडू येत होतं आणि त्याचा मला संताप येत होता, कारण रडायचं तर त्यांनी, मी कोण?

सासू ओटीवर बसून वाल सोलत होती. पुढ्यात पाण्याचं पातेलं, शेजारी सालांचा ढीग. मी मनात मोठी आडदांड बाई उभी केली होती. ही मूठभर म्हातारी होती, एका डोळ्यात फूल पडलेलं. मुलगी तिच्या शेजारी बसून सोललेले वाल वेगळे करत होती. वहिनी अंगणात उभ्या राहिल्या. सासूने आधी माझ्याकडे पाहिलं, ही कोण म्हणून, आणि मग सुनेकडे. तिची नजर गळ्यावर थांबली.

"कुठं हाय?" तिने विचारलं.

"काढलं," वहिनी म्हणाल्या. "तुमी म्हणता तसंच हाय. करा आता."

मला वाटलं म्हातारी आता सुटकेचा श्वास टाकेल, देवाला हात जोडेल. इतक्या वर्षांचं तिचं म्हणणं मान्य झालं होतं. तिने हातातला वाल सोलायला घेतला, पण तो तिला सोलता येईना. साल निसटत होतं. तिने तो पातेल्यात परत टाकला, दुसरा घेतला, तोही टाकला. नातीला तिने आत जायला सांगितलं. मग ती खांबाला धरून उठली आणि पायरी उतरून अंगणात आली.

"बाय, तुझ्याकडं हाय ना?" तिने मला विचारलं. मी कोण ते तिने आता ओळखलं होतं. मी बाही वर केली. मला एका हाताने वेढे सुटेनात, शेवटी तिनेच ओल्या हातांनी ते सोडवले. ते तिने सुनेच्या गळ्याभोवती नेलं. तिचे हात तिथवर पुरत नव्हते, म्हणून वहिनींना खाली वाकावं लागलं.

"घाल गो. घाल परत," म्हातारी म्हणत होती. "तू घालत व्हतीस म्हणून मी बोलत व्हते. तूच काढलंस तं तो खराच गेला ना."

वहिनी तिथेच मातीत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी मोकळ्या रडल्या असाव्यात. मला तिथे उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. मी ओटीवर जाऊन बसले आणि पातेल्यातले वाल सोलत राहिले.

अमावास्येला त्या घरात फक्त वारलेल्या सासऱ्यांचं पान वाढलं. दिराने पळसाची पानं आणून ठेवली होती, ती सासूने पत्रावळींना वापरायला लावली. पितृपक्षात पुन्हा तो विषय निघाला नाही.

आमचे भाग विमानाला बसले आणि ते विमान उडालं, असं साहेबांनी आम्हाला सांगितलं. आम्ही ते पाहिलं नाही. पुढची ऑर्डर आली तीही आम्ही केली. त्यानंतर त्यांच्याकडेच एक यंत्र आलं, म्हणे. ते भागाला न टेकता वरून चांदीचा बारीक फवारा सोडतं आणि वळणावळणाने रेघ काढत जातं. त्याला पॅड लागत नाही, सुई लागत नाही, ओणवं व्हावं लागत नाही. मला ते यंत्र बघायचं होतं. साहेबांनी प्रयत्नही केला, पण आत सोडायची परवानगी मिळाली नाही. आमची शेड पुन्हा लेबलं छापायला लागली, वहिनी त्या खोलीत राहिल्या आणि दारावरचा कागद कधीतरी गळून पडला. मी लग्न होऊन आसनगावला आले.

वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र असायचं. आता त्यांना कुणी यजमानांविषयी विचारलं तर त्या, येतील, असं म्हणत नसत. सासूबाई आहेत, एवढंच म्हणत. मला ते उत्तर कळायचं. विचारणाऱ्याला कळायचं नाही आणि मी कधी कुणाला समजावलंही नाही. सासूला दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासं झालं होतं. मी गेले की ती मला ओळखायची आणि वहिनी जवळ बसल्या की हात लांब करून त्यांचा गळा चाचपून बघायची. मणी हाताला लागले की हात मागे घ्यायची.

त्या दशकाच्या अखेरीस म्हातारी गेली. मी तेराव्याला गेले होते. जेवणं झाली, पाहुणे पांगले, मांडवात दीर सतरंज्या गोळा करत होते. वहिनी आतून आल्या, पायरीवर बसल्या आणि त्यांनी मानेमागे हात नेऊन मंगळसूत्र सोडलं. या वेळी ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आता पळसाची पानं आणा."